इंजिन बांधावं की गाडी काढून टाकावी

२०१२च्या दसऱ्याला घेतलेली आमची डिझेल गाडी. चार मीटरच्या आतली, डिकीवाली, तेराशे सीसीची, बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी निकषातली. नंबर एमएच ४४चा, म्हणजे अंबाजोगाईचं पासिंग. पहिली बरीच वर्षं ती नवऱ्याकडे होती. तो बियाण्याच्या धंद्यात; जालना, परभणी, नांदेड, लातूर, धाराशिव हा त्याचा पट्टा, आणि मे-जूनमध्ये तर बॉनेट थंड व्हायलाही सवड नसायची. पुढे त्याला कंपनीची गाडी मिळाली आणि ही माझ्याकडे आली. मी शिक्षिका आहे. शाळा केजच्या बाजूला, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. शिवाय लग्नकार्यं, सासऱ्यांची लातूरची तपासणी, कधीमधी सोलापूर. वर्षाला साधारण वीस हजार किलोमीटर पडतात. हा वीस हजारांचा आकडा पुढे लागणार आहे. मीटरवर गेल्या पावसाळ्यात दोन लाख ब्याण्णव हजार होते.

त्रास सुरू झाला तोही त्याच पावसाळ्यात, २०२५च्या. आधी सकाळचा स्टार्टर लांबला. एका झटक्यात लागणारी गाडी तीन-चारदा घरघर करून मग लागायची. लागली की उभ्या जागी थरथर, स्टिअरिंगवरचा हात कोपरापर्यंत हलेल अशी. अ‍ॅव्हरेज एकोणीसवरून पंधरावर आलं. परळीहून वर येताना घाटात तिसऱ्या गिअरला इंजिनचा आवाज चढत गेला, गाडी मात्र होती त्याच वेगात, आणि आरशात बघितलं तर मागे काळा ढग. सगळ्यात कोड्यात पाडलं ते इंजिन ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीनं. जुनी गाडी ऑइल खाते हे मला माहीत होतं. इथे ऑइल वाढत होतं.

सप्टेंबरात तर मांजरा दुथडी भरून वाहत होती, धनेगावच्या धरणाचे दरवाजे उघडलेले, केजकडचे ओढे रस्त्यावर आलेले. अशा दिवसांत आडरानात बंद पडेल अशी गाडी घेऊन मी निघणार नव्हते. काही दिवस एसटीनं गेले आणि गाडी लातूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लावली. संध्याकाळी मोबाइलवर अंदाजपत्रक आलं: इंजिन ओव्हरहॉल (पूर्ण उघडून बांधणं), चार नवे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे), नवा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), क्लच, मजुरी, एकूण एक लाख त्रेसष्ट हजार. खाली एक ओळ होती, इंजिन उघडल्यावर आणखी काम निघाल्यास खर्च वाढू शकतो.

घरी या कागदावर जी चर्चा झाली ती अजून संपलेली नाही. नवऱ्याचं मत सरळ होतं: गाडी विकली तर दोन लाख येतील, तिच्यावर एक लाख त्रेसष्ट हजार घालायचे म्हणजे वेडेपणा, काढून टाकू. दीर म्हणाले, "वहिनी, खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी सोडायची, हा नियमच आहे." सासरे अण्णा म्हणाले, "दहा वर्षांवरचं डिझेल सरकारनं बंद केलंय, टीव्हीवर दाखवायलेत. उद्या पंपावर डिझेलबी देणार न्हाईत."

निम्म्या किमतीचा तो नियम मी नंतर बऱ्याच जणांकडून ऐकला, पण मला तो पटत नाही. गाडी विकायची असेल तर किंमत महत्त्वाची. मला ती चालवायची होती. माझ्यासाठी प्रश्न असा होता की या खर्चात मला किती महिने निर्धास्त गाडी मिळते, आणि तेवढेच महिने दुसऱ्या गाडीनं काढायचे तर काय पडतं. पण ते मांडायला आधी गाडीला नेमकं झालंय काय हे कळायला हवं. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर कुठेही कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब) किती, इंजेक्टरची गळती किती, असा एक आकडा नव्हता. सगळं बदला, एवढंच होतं.

अंबाजोगाईत आमचे जुने मिस्तरी आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. मी त्यांना अंदाजपत्रक दाखवलं. ते वाचून त्यांनी विचारलं ते एवढंच: "गाडी ऑइल खायली का?"

"नाही चाचा, वाढायलंय."

"मग इंजिन कशाला खोलायचं? ताई, आधी मोजू, मग खोलू. खोलून मोजलं तर बिल तुमचंच वाढतंय."

इथे एक सांगावंसं वाटतं. मी प्रश्न विचारायचे आणि गॅरेजमधली बाकीची माणसं उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायची. तो बिचारा फोनवर बियाण्याचे भाव बोलत असायचा. चाचा मात्र मला बॉनेटजवळ उभं करून दाखवत होते. पुढचं सगळं मला समजलं ते त्यामुळे.

पहिली तपासणी फुकटची होती. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले असतील तर जळलेला वायू पिस्टनच्या कडेनं खाली उतरतो आणि या तोंडातून धापा टाकत बाहेर येतो. झाकण नुसतं ठेवलं तरी उडायला बघतं. आमचं झाकण जागेवर थोडं थरथरलं, एवढंच. नंतर धुराचा रंग. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. काळा म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी पडते आहे. आमचा काळा होता, निळ्याची छटासुद्धा नाही. चाचांनी पट्टीवरचं ऑइल बोटांत चोळून माझ्या नाकाशी धरलं. स्पष्ट डिझेलचा वास.

ऑइल वाढण्याचं कोडं तिथे सुटलं. एखादा इंजेक्टर नीट बंद होत नसेल तर सिलिंडरमध्ये नको तेव्हा डिझेल ठिबकतं. सगळं जळत नाही, उरलेलं पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी चढते, पण ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइलवर टर्बोचं बेअरिंग आणि टायमिंग चेन दोन्ही मरतात. म्हणजे इंजिन अजून खराब झालेलं नव्हतं, पण असंच चालवत राहिले असते तर सर्व्हिस सेंटरचा कागद खरा ठरायला वेळ लागला नसता.

दुसऱ्या दिवशी कम्प्रेशन. त्यासाठी हीटर प्लग (थंड इंजिन लागावं म्हणून सिलिंडर तापवणारे) काढून त्या जागी गेज लावावं लागतं, आणि तेरा वर्षं न हललेले हीटर प्लग काढणं हे काळजीचं काम आहे. इंजिनच्या हेडमध्येच तुटला तर ते हेड उतरवावं लागतं. चाचांनी आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं आणि इंजिन गरम असतानाच पाव-पाव फेरा देत चारही सोडवले. त्या वेळात कुणी काही बोललं नाही. गेज चोविसापासून सव्वीस बारपर्यंत गेलं, चारही सिलिंडरमध्ये. नुसता आकडा किती हे बघायचं असतंच, पण चौघांत फरक किती हे जास्त बघायचं असतं. एक सिलिंडर पाच-सहा बारनं खाली असता तर बोलणं वेगळं झालं असतं.

मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल टाकीकडे परत जातं. ती परतीची नळी काढून तिथे सलाईनच्या नळ्या जोडल्या आणि चार सारख्या बाटल्यांत सोडल्या. इंजिन थोडा वेळ चालवलं. दोन बाटल्यांच्या तळाला जेमतेम डिझेल, तिसरीत दुप्पट, चौथी गळ्यापर्यंत. एवढं डिझेल परत जायला लागलं की स्टार्टर मारताना कॉमन रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, दाब तयार व्हायलाच वेळ लागतो, म्हणून सकाळची घरघर. आपण टायरमध्ये सव्वादोन बार हवा भरतो. या रेलमध्ये चौदाशे-सोळाशे बारपर्यंत दाब असतो. त्या दाबाखाली इंजेक्टरमधली केसाएवढी झीजसुद्धा लपत नाही.

इंजेक्टर काढून मी स्वतः लातूरला घेऊन गेले. पंप-नोझलची दुकानं तिथे आहेत, ट्रक आणि ट्रॅक्टरवरच चालतात. काम बघायला बसू दिलं, हे विशेष. इंजेक्टर यंत्रावर चढवतात आणि वेगवेगळ्या दाबाला किती डिझेल मारतो, किती परत टाकतो हे मोजतात. मुख्य फवाऱ्याच्या आधी इंजेक्टर एक बारीकसा फवारा मारतो, त्याला पायलट म्हणतात. त्यानं सिलिंडरमध्ये आग हळू पेटते आणि डिझेलची खडखड कमी होते. आमच्या दोन इंजेक्टरांचा पायलट जवळजवळ गायब होता. उभ्या जागेवरची थरथर तिथून होती. दुकानदार म्हणाले, "मॅडम, बॉडी चांगल्या आहेत. नोझल आणि व्हॉल्व्ह नवे घालतो, चारही सारखे करून देतो." एकाचे साडेसहा हजार. नवा घेतला तर दुपटीहून जास्त. या इंजिनाचं एक सुख म्हणजे त्या काळात हेच इंजिन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं, त्यामुळे सामान लातुरातसुद्धा मिळतं आणि हात बसलेले कारागीरही मिळतात. गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना हा मुद्दा फार कमी लोक धरतात. पार्ट पुण्याहून मागवून आठवडाभर वाट बघावी लागणारी गाडी मी ठेवली नसती, कितीही दणकट असली तरी.

चारही नीट करायचे की बिघडलेले दोनच, यावर मी घासाघीस केली. त्यांनी दोन करूनही दिले असते. पण चौघांचं मोजमाप एकसारखं नसेल तर इंजिनचा कॉम्प्युटर एकाला जास्त, एकाला कमी डिझेल देत सांभाळत बसतो, आणि दोन महिन्यांनी पुन्हा हेच उघडायचं. मी चारही सांगितले, पण पैसे लगेच दिले नाहीत. दोन दिवस मागितले. कारण बदलायच्या बाजूचा हिशेब अजून बाकी होता.

अण्णांचं टीव्हीवरचं आधी तपासलं. दहा वर्षांवरच्या डिझेलची बंदी दिल्ली आणि राजधानी क्षेत्रापुरती होती. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश २०१५चा, सर्वोच्च न्यायालयानं तो २०१८ साली उचलून धरला. पंपावर इंधन न देण्याचा प्रकार १ जुलै २०२५ला दिल्लीतच सुरू झाला आणि काही दिवसांत थांबवावा लागला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. आमची ऑक्टोबर २०२७पर्यंत आहे. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. त्याची फी चारचाकीला पूर्वी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२पासून पाच हजार झाली. वर पर्यावरण कर, आणि तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त. म्हणजे बंदी नाही, पण ऑक्टोबर २०२७ हा एक टप्पा आहे आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे गाडीची किंमत सारखी राहत नाही. माझ्यापुढे बावीस-तेवीस महिने होते.

आता दुसरी गाडी. वेळ अशी की त्याच दसऱ्याच्या तोंडावर, २२ सप्टेंबरला लहान गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला होता आणि शोरूमबाहेर मांडव घातलेले. नवरा रोज एक ब्रोशर आणायचा. आमच्या आकाराची डिझेल गाडी मात्र जवळपास मिळतच नाही. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं आणि लहान डिझेल इंजिनं एकेक करून बंद झाली. मारुतीनं तर तेव्हापासून डिझेलच सोडलं. आता डिझेल हवं तर बहुतेक करून उंच एसयूव्ही, आणि त्यात धुराची काजळी अडवणारा डीपीएफ. तो स्वतःला साफ करायला मोकळ्या रस्त्यावर सलग पळणं मागतो. माझं तीस किलोमीटर जाणं, मध्ये गावं, ट्रॅक्टर, ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के, डिझेलला १३. वर्षाला वीस हजार किलोमीटरसाठी नवीन डिझेल घेण्यात काही अर्थ उरत नाही. नवऱ्याच्या जुन्या रनिंगला तो होता.

मग सीएनजी. किलोला नव्वदीच्या घरातला भाव आणि पंचवीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला पावणेचार रुपयांच्या आसपास. आमची नीट झालेली डिझेल, डिझेल ब्याण्णवच्या आसपास धरून, किलोमीटरला चार रुपये ऐंशी-पंच्याऐंशी पैसे. वाचले रुपया, वर्षाला वीस हजार. त्यासाठी जुनी गाडी देऊन, बचत घालून वर सहा लाखांचं कर्ज. नऊ टक्क्यांनी पाच वर्षं, हप्ता साडेबारा हजारांना थोडा कमी. वर्षाला दीड लाख हप्ता भरून वीस हजार वाचवायचे, हे मी नवऱ्याला कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "पण नवी गाडी नवी असते." हे खरंच आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. गॅरंटी असते, एअरबॅग जास्त असतात, रस्त्यात अडकायची भीती नसते. आमच्या गाडीला दोनच एअरबॅग आहेत. मुलगी मागच्या सीटवर असते तेव्हा ते मनात येतंच.

सेकंड हँडचाही बाजार फिरून पाहिला. लातूरच्या एका डीलरकडे २०१८-१९च्या डिझेल होत्या, साडेपाच-सहा लाख सांगत होते. जुन्या गाडीचं कर्ज महाग. पाच लाखांना तेरा टक्क्यांनी हप्ता अकरा हजारांच्या पुढे जातो. मीटर ऐंशी हजार दाखवत होतं आणि ब्रेक पॅडलचं रबर गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हरची सीट डावीकडून फाटलेली. मी कंपनीच्या सर्व्हिसची नोंद मागितली तर विषय बदलला. म्हणजे मी माझ्या माहितीतले दोन लाख ब्याण्णव हजार किलोमीटर देऊन अनोळखी किती तरी लाख घेणार. दिरांनी दिल्लीच्या गाड्या सुचवल्या. दहा वर्षांच्या नियमामुळे तिकडच्या चांगल्या डिझेल गाड्या स्वस्तात निघतात आणि आपल्याकडे येतात, हे खरं. पण तिकडची एनओसी, इकडचा कर, नवा नंबर, आणि मधे कुणी तरी एजंट. ज्यांना आरटीओत फेऱ्या मारायला वेळ आहे त्यांनी जरूर बघावं.

आमच्या गाडीला त्या डीलरनं, आहे त्या अवस्थेत, एक लाख चाळीस हजार सांगितले. भंगाराचाही विचार झाला. अधिकृत केंद्रात दिली तर गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीच्या करात सूट मिळते. पण चालती गाडी वजनावर घालून जालन्याच्या भट्टीत पाठवायची वेळ तिच्यावर आलेली नव्हती.

उरली बॉडी. मला वाटतं निर्णय खरा इथेच झाला. इंजिन बांधता येतं, क्लच बदलता येतो. सडलेला पत्रा मात्र जोडून जोडून कितीही जोडला तरी गाडी सरळ होत नाही. चाचांनी गाडी रॅम्पवर घेतली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं खालून ठोकत गेले. दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी, पुढचा सब-फ्रेम, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं त्या जागा. सगळीकडून टणटणीत आवाज. मागच्या एका कमानीत रुपयाएवढा गंज, तोही वरवरचा. आपल्या कोरड्या हवेची ही कृपा. हीच गाडी रत्नागिरीत तेरा पावसाळे काढून आली असती तर मी हे सगळं लिहीत बसले नसते. आपलं ऊन रबर मात्र खातं. लोअर आर्मचे बुश, इंजिनचं एक माउंटिंग, पाण्याचे दोन पाइप, सगळे तडकलेले.

मग कामाची यादी ठरली. इंजेक्टर चारही, सव्वीस हजार. घाटात घसरत होता तो क्लच, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील लेथवर साफ, मजुरीसह साडेतेरा. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर मागचं ऑइल सील त्याच मजुरीत बदलून घेतलं. पुढे कधी गळलं असतं तर त्या दोनशे रुपयांच्या सीलसाठी पुन्हा सगळं उतरवावं लागलं असतं. बुश, माउंटिंग आणि पाइप साडेआठ. ऑइल, सगळे फिल्टर आणि कूलंट सहा. डिझेलची टाकी उतरवून धुतली, दोन हजार. तळाला चहाच्या गाळासारखं काहीतरी होतं आणि थोडं पाणी. नीट केलेले इंजेक्टर बसवून जुना गाळ त्यांच्यात ढकलायचा नव्हता. पुढचे दोन टायर साडेनऊ. एकूण साडेपासष्ट हजार.

टर्बोला हात लावला नाही. चाचांनी पाइप काढून आतला पंखा हलवून दाखवला. आडवा किंचित हलतो, तो चालतो. आत-बाहेर हलत असेल तर चालत नाही. आमचा आत-बाहेर हलत नव्हता. पाइपच्या आत ऑइलचा पातळ थर होता, तो बघून मी घाबरले, तर म्हणाले इंजिनच्या श्वासाच्या नळीतून तेवढं येतंच. टायमिंग चेनही ठेवली. थंड इंजिनवर तिचा खडखडाट नव्हता. ऑइल मात्र आता दर आठ हजाराला बदलायचं ठरलं, आधी दहाला बदलत होतो.

साडेपासष्ट हजार भागिले बावीस महिने, महिन्याला तीन हजार पडतात. समोर साडेबारा हजारांचा हप्ता. त्यातही अ‍ॅव्हरेज पंधराचं एकोणीस झालं तर वर्षाला पंचवीस हजारांचं डिझेल वाचतं. कागद नवऱ्यापुढे ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "यात रस्त्यात बंद पडली तर, हे कुठे लिहिलंय?" मग आम्ही तेही लिहिलं. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची जोड घेतली. नुसता थर्ड पार्टी विमा या इंजिनाला ३,४१६ रुपयांत, वर जीएसटी, होतो आणि तेरा वर्षांच्या गाडीला तेवढाच पुरे असं एजंट म्हणत होता. पण गाडीची विम्यातली किंमत अजून दीड लाख आहे, आणि चोरी झाली किंवा पुरात गेली तर तेवढे तरी हातात यावेत म्हणून फुलच ठेवला. सप्टेंबर बघितल्यावर पुराची गोष्ट कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

आणि एक ठरलं, ते तारखेसह लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंय. ऑक्टोबर २०२७च्या आधी इंजिन उघडायची वेळ आली, हाय प्रेशर पंप गेला किंवा गिअरबॉक्स गेला, तर दुरुस्ती नाही. आहे तशी विकायची. हे आधी लिहिलं नसतं तर काय होतं हे मी माहेरी बघितलंय. वडिलांची जीप. आज वीस हजार, म्हणून उद्याचे पंधरा घालावेच लागतात, म्हणून परवाचे तीस. जुन्या खर्चाच्या लाजेखातर नवा खर्च. ती जीप अजून गोठ्यापुढे उभी आहे.

काम व्हायला आठवडा लागला. क्लच बसवताना केबल अडकत होती, ती पुन्हा काढावी लागली. इंजेक्टरांचे कोड इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये भरायचे होते, त्याचं मशीन घेऊन एक मुलगा लातूरहून आला. चाचांनी किल्ली माझ्या हातात दिली. अर्ध्या फेऱ्यात लागली. थरथर गेली असं म्हणणार नाही, तेरा वर्षांचं डिझेल आहे, पण आता काच वाजत नाही. परळीच्या घाटात तिसऱ्यावर ओढते. अ‍ॅव्हरेज साडेअठरा पडतंय, एकोणीस नाही. ऑइलची पट्टी मी दर रविवारी बघते. पातळी जागेवर आहे.

मधल्या काळात नवी नंबर प्लेटही बसवून घेतली. एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. अण्णा त्या प्लेटकडे बघून म्हणाले, "म्हणजे सरकार गाडी घेऊन जाणार न्हाई तर."

विकायचीही वेळ ठरली आहे: एप्रिल २०२७. नोंदणीला सहा महिने शिल्लक असताना घेणारा मिळतो, एक महिना शिल्लक असताना तो पाच हजारांची फी, कर आणि फेऱ्या सगळं किमतीतून कापतो. गिऱ्हाईकही आत्ताच लागलंय. चाचांचा भाचा, धारूरला वीटभट्टी आहे त्याची. चाचांनी त्याच्या वतीनं एक लाख दहा हजार सांगितले. मी म्हटलं, "चाचा, इंजेक्टर तुम्हीच काढलेत, कम्प्रेशन तुम्हीच मोजलंय. दीड."

"ताई, मोजलंय म्हणूनच तर मागायलोय," म्हणाले, आणि एक वीसवर आले. सध्या तिथेच अडलंय.